शेगडी पुन्हा पुन्हा पिवळी जळते? जेटमध्ये पिन घालण्याआधी हे तपासा

ठाणे आणि नवी मुंबईत शेगड्या दुरुस्त करायला घरोघरी जातो, तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही : "दादा, आत्ताच तर बर्नर साफ करून घेतला होता. चार दिवस छान निळी जळली, आता परत पिवळी. भांड्यांची बुडं बघा कशी काळी झालीत." तक्रार अगदी खरी असते. कोणीतरी येतो, जेटमध्ये पिन फिरवतो, बर्नर घासून देतो, पैसे घेऊन जातो आणि थोड्याच दिवसांत पातेल्याच्या बुडाला काजळी धरायला लागते. असं वारंवार होत असेल तर दोष दुसरीकडेच आहे आणि तो शोधल्याशिवाय कितीही वेळा बर्नर घासला तरी फरक पडणार नाही.

ज्योत पिवळी होते कारण गॅसच्या मानाने हवा कमी पडते. शेगडीच्या पोटात नॉबच्या मागे पितळेचा छोटा जेट असतो. त्याच्या बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि समोरच्या नळीच्या तोंडातून आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. त्या नळीला आम्ही मिक्सिंग ट्यूब म्हणतो. गॅस आणि हवा तिच्यात मिसळतात आणि मग बर्नरच्या भोकांतून बाहेर येऊन जळतात. पूर्ण जळायला गॅसला किती हवा लागते हे एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. 1 लिटर मिथेनला साधारण 10 लिटर हवा लागते. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनला 1 लिटरमागे सुमारे 24 लिटर आणि ब्युटेनला सुमारे 31 लिटर. यातली बरीचशी हवा ज्योतीच्या आधीच नळीतून आत यावी लागते. ती कमी आली की गॅसमधला कार्बन अर्धवट जळतो, त्याचे कण तापून पिवळे चमकतात आणि तेच कण पातेल्याच्या बुडावर काजळी होऊन बसतात.

म्हणून शोधायचं ते एवढंच : हवा कुठे अडते, किंवा गॅस कुठे जास्त येतो.

आधी नीट बघा

स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, पंखा आणि चिमणी बंद करा आणि एकेक बर्नर पूर्ण मोठा करून पाहा. ज्योत मुळात निळी आहे आणि मधूनमधून नारिंगी ठिणग्या उडतात, असं असेल तर शेगडीला हात लावू नका. हवेतली धूळ किंवा मिठाचे कण जळले की तसं दिसतं. बाजूला टॉवरचं बांधकाम चालू असेल, घरात झाडू मारला असेल, किंवा आमटीत मीठ टाकताना चार कण बर्नरवर पडले असतील, तर ज्योत थोडा वेळ नारिंगी दिसणारच. भांड्याचं बुड काळं होत नसेल तर त्यात दोष नाही.

ज्योतीची टोकं कायम पिवळी, लांबट आणि मऊ दिसत असतील, थंड स्टीलचं पातेलं ठेवल्यावर काही मिनिटांत काळं होत असेल, तर मात्र ती खरी तक्रार. आता पुढचा प्रश्न विचारा : एकच बर्नर पिवळा आहे की सगळे?

एकच असेल तर दोष त्या बर्नरचा, त्याच्या नळीचा किंवा त्याच्या जेटचा. सगळेच पिवळे असतील तर एकेक बर्नर घासत बसण्यात अर्थ नाही. तिथे गॅसचा प्रकार आणि जेट जुळत नाहीत, किंवा शेगडीखाली हवाच येत नाही. सिलिंडरवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ज्योत फक्त सिलिंडर संपत आल्यावर पिवळी होते का? प्रोपेन आधी उडून जातो, तळाशी ब्युटेन आणि त्याहून जड भाग जास्त उरतो, त्याला हवा जास्त लागते. नवा सिलिंडर लावल्यावर ज्योत आपोआप निळी झाली तर शेगडी ठणठणीत आहे.

घर बदललं, शेगडी तीच

ही अडचण सध्या आमच्याकडे फार येते. नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांत जुन्या इमारतींचं पुनर्विकासाचं काम निघालं की माणसं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात. वाशीच्या सिडको इमारतींचंही तेच. जुन्या घरी महानगर गॅसचा पाइप असतो, भाड्याच्या घरी सिलिंडर. सामान हलवताना शेगडीही तशीच येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही की तिचे जेट पाइपच्या गॅससाठी बसवलेले आहेत.

दोन्ही गॅस एकाच शेगडीवर तसेच का चालत नाहीत? घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर गॅस साधारण 30 ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने सोडतो. पाइपच्या गॅसचा दाब त्याहून कमी, साधारण 21 मिलिबार. सिलिंडरचा आकडा त्याच मापात 29 च्या आसपास येतो. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या गॅसमधून सिलिंडरचा गॅस पाइपच्या गॅसच्या अडीच पटीहून जास्त उष्णता देतो. म्हणून पाइपच्या गॅसचा जेट मोठ्या भोकाचा असतो. तोच मोठा जेट सिलिंडरवर लावला की गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस सुटतो आणि नळीतून येणारी हवा त्याला पुरत नाही. ज्योत ढणढण पिवळी, कढईच्या कडेवरून वर जाणारी. हा प्रकार धोक्याचा आहे. नॉब बारीक करून काम भागवू नका. शेगडी वापरणं थांबवा आणि गॅस एजन्सीच्या माणसाकडून जेट बदलून घ्या.

उलट झालं, म्हणजे सिलिंडरची शेगडी पाइपवर लावली, तर ज्योत निळीच राहते पण इतकीशी की भात शिजता शिजत नाही. मग कोणीतरी घाईघाईत जुन्याच जेटला ड्रिल मारून देतो. माझं यावर स्पष्ट मत आहे : ड्रिल मारलेला जेट कधीही स्वीकारू नका. हाताने मारलेलं भोक क्वचितच बरोबर मध्यभागी आणि सरळ जातं. गॅसची धार तिरकी सुटली की ती नळीच्या बरोबर मध्यातून जात नाही, हवा कमी ओढते आणि ज्योत एका बाजूला पिवळी राहते. योग्य मापाचा जेट बाजारात मिळतो, आणि शेगडीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

पिनचं नुकसान

आता पिनबद्दल. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ, पिन पोलादाची. भोकात पिन घालून फिरवली की कचरा निघतो, पण भोकाची कडही थोडी झिजते. असं दर वेळी केलं तर भोक हळूहळू मोठं आणि वेडंवाकडं होतं, गॅस जास्त यायला लागतो, आणि ज्या पिवळ्या ज्योतीसाठी पिन घातली तीच ज्योत पक्की होऊन बसते. आम्ही ज्या शेगड्या उघडतो त्यांत वारंवार परत येणाऱ्या तक्रारीचं हेच कारण पुष्कळदा सापडतं. जेट बंद झाला असेल तर तो काढून कोमट साबणाच्या पाण्यात ठेवावा, उलट्या बाजूने हवा मारावी, फार तर वायरीतली तांब्याची एक बारीक तार हलकेच घालावी. फिरवायची नाही. आणि भोक एकदा बिघडलं की सरळ नवा जेट. हे काम घरी करू नका : जेट काढला की गॅसची वाट उघडी पडते, आणि परत बसवल्यावर गळतीची तपासणी करावीच लागते.

नळी, जी कोणी पाहत नाही

बर्नरची टोपी सगळेच घासतात. टोपी चकचकीत होते, खालची नळी मात्र वर्षानुवर्षं तशीच. उतू गेलेलं दूध, पिठल्याचे शिंतोडे, भाताची पेज, चहा, सगळं टोपीच्या कडेने आत उतरतं आणि नळीत वाळून बसतं. बिडाच्या नळीला पावसाळ्यात गंज चढतो, त्याचे पापुद्रे सुटून आत पडतात. झुरळांचं तर विचारूच नका. शेगडीखालची ऊब आणि खरकटं त्यांना मानवतं.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीनंतर कोलशेतला एका घरी गेलो होतो. काकू गावी जाऊन आल्या होत्या, घर बंद होतं. जाताना शेगडी उत्तम चालत होती, आल्यावर डावा बर्नर पिवळा आणि मधूनच फट् असा आवाज. टोपी लखलखीत, जेट नवाच. नळी काढून वर्तमानपत्रावर आपटली तर वाळलेल्या मातीचे तुकडे पडले आणि त्या मातीत गुंडाळलेले चार-पाच मेलेले कोळी. कुंभारीण माशीचं घर! ही माशी अशी अरुंद भोकं शोधून आत मातीची खोली बांधते आणि पिलांसाठी कोळी साठवून ठेवते. काकू म्हणाल्या, "अगंबाई, आणि मी रोज सोडा लावून बर्नर घासतेय!" नळी घासून, कोरडी करून बसवली, ज्योत पहिल्यासारखी. तेव्हा घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर मुख्य कॉक बंद कराच, शेगडीही उलट्या परातीने किंवा कापडाने झाकून ठेवा. परत आल्यावर पेटवण्याआधी कापड काढायचं.

नळीत डोकावणं अवघड नाही. गॅस बंद, शेगडी पूर्ण गार. टोपी आणि जाळी काढा, मोबाइलचा टॉर्च नळीच्या वरच्या तोंडातून मारा. आत काळं खरपुडं, गंज किंवा जाळं दिसलं तर बाटली धुवायचा लांब ब्रश कोरडाच आत-बाहेर फिरवा. ओला ब्रश नको. आत पाणी राहिलं तर ज्योत फडफडते, विझते, आणि बिडाची नळी आणखी गंजते. टोपी मात्र खुशाल धुवा : कोमट पाणी, भांड्यांचा साबण, थोडा सोडा, भोकांसाठी टूथब्रश किंवा लाकडी काडी. पितळेची टोपी चिंचेने घासली तर चमकते, पण मग भरपूर पाण्याने धुतली पाहिजे. नंतर ती पूर्ण वाळू द्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे बर्नरच्या आतली भोकं एका रात्रीत कशी वाळतील? फडक्याने पुसून पंख्याखाली उलटी ठेवा, पाणी गळू द्या. बसवताना टोपी खाचेत नीट बसली का, हे हलवून पाहा. वाकडी बसली की एका बाजूने गॅस सुटतो, ज्योत लांबट पिवळी होते, कधी ज्योत मागे सरकून नळीतच जळते. आत जळण्याचा हिस्स असा आवाज आला तर नॉब ताबडतोब बंद करा, गार होऊ द्या, मगच टोपी बघा.

काही शेगड्यांना नळीच्या तोंडाशी हवेची फिरणारी चकती असते. ज्योत पिवळी असेल तर ती थोडी उघडायची. ज्योत बर्नरवरून उचलल्यासारखी उडायला लागली, जोरात सूं आवाज आला तर हवा जास्त झाली, थोडी बंद करायची. चकतीचा स्क्रू सैल झाला की ती आपोआप फिरते, हेही पाहा.

शेगडीच्या खाली काय आहे?

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत आणि खारघर-उलव्याच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन आलं, ओट्यात बसवलेले हॉब आले आणि त्यांच्याबरोबर ही नवी तक्रार आली : सगळेच बर्नर पिवळे, जेट बरोबर, नळ्या स्वच्छ. बरेच हॉब आपली हवा खालून ओढतात. सुताराने खालचं कपाट चहूबाजूंनी बंद केलं, ड्रॉवर घट्ट बसवला, त्यात डबे आणि पिशव्या कोंबल्या, की हॉबला हवा मिळणार कुठून? तपासायचा उपाय अगदी सोपा. ज्योत पेटवा आणि हॉबखालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. एका घरी मी ड्रॉवर ओढला आणि दहा-बारा सेकंदांत पिवळी टोकं आत गेली, ज्योत आखूड निळी झाली. परत ढकलला की परत पिवळी. घरातले सगळे बघतच राहिले. असं झालं तर सुताराला बोलावून कपाटाच्या मागच्या किंवा बाजूच्या फळीत जाळीचं भोक पाडून घ्या. किती मोठं पाडायचं ते हॉबच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर कपाटाच्या तळाशी साठतो. त्यासाठीही खाली मोकळी जागा हवीच.

साध्या शेगडीचं दुखणं वेगळं. ओटा खराब होऊ नये म्हणून खाली वर्तमानपत्र, प्लास्टिकची शीट, वर बर्नरभोवती चांदीसारखी फॉइल. त्यात शेगडीच्या पायाची रबरी बुचं निघून गेलेली, शेगडी ओट्याला टेकलेली. हवेची वाट आपणच बुजवतो. फॉइल काढा, बुचं नवी लावा. ओटा पुसायला लागेल थोडा जास्त, पण गॅस वाचेल. आणि वर्तमानपत्र तर ज्योतीखाली नकोच.

वारा हाही एक मुद्दा आहे, छोटा. पावसाळ्यात पश्चिमेची खिडकी उघडी असली, किंवा चिमणी फार खाली बसवली असली तर ज्योत एका अंगाला झुकते आणि त्या बाजूला पिवळी दिसते. खिडकी अर्धी लोटून बघा. पूर्ण बंद मात्र करू नका.

बंद स्वयंपाकघर आणि गॅस गीझर

इथे मला जरा जोर देऊन सांगायचंय. ज्योत पिवळी जळते तेव्हा काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला मुद्दाम मिसळलेला वास येतो म्हणून गळती कळते. हा वायू कळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, मग बेशुद्धी. ड्राय बाल्कनी काचा लावून बंद केलेली आणि शेगडी तिथेच हलवलेली, असं दिसलं की मी आधी काच उघडायला सांगतो. कार्बन फिल्टरची, पाइप बाहेर न सोडलेली चिमणी तेल आणि वास कमी करते, हा वायू बाहेर टाकत नाही. आणि गॅस गीझर न्हाणीघरात असेल तर त्याची ज्योत पिवळी दिसताच गीझर बंद, दुरुस्तीपर्यंत वापर नाही. छोटी बंद खोली आणि पिवळी ज्योत यांनी माणसं दगावलेली आहेत. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागी असावा आणि त्याचा धूर पाइपने बाहेर जावा, यात तडजोड नको.

नवी घ्यायचीच वेळ आली तर

टोपीची भोकं पसरली, टोपी उष्णतेने वाकली, नळी गंजून पातळ झाली, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. दुकानात जाताना आपला गॅस कोणता हे सांगा आणि त्याच गॅससाठीची शेगडी मागा. पुढे घर बदलायचं असेल तर दुसऱ्या गॅसचे जेट मिळतील का हेही विचारा. सिलिंडरच्या शेगडीवर आय एस 4246 ची आयएसआय खूण बघा. या मानकात किमान 68 टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचली पाहिजे अशी अट आहे. बर्नर पितळेचा सांगतात तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड, वर मुलामा. काचेची शेगडी दिसते सुंदर, पुसायला सोपी, पण मोठ्या पातेल्याची धग काचेवर उलटते आणि तापलेल्या काचेवर गार पाणी सांडलं तर ती तडकू शकते. रोज दोन-तीन तास रांधणाऱ्या घराला मी स्टीलचीच सुचवतो. आणि अरुंद ओट्यावर चार बर्नरची शेगडी घेऊ नका. चार पातेली एकमेकांना टेकतात, मधल्या ज्योतींना बाजूची हवा मिळत नाही. ऐटबाज शेगडीपेक्षा खालून हात घालून नळी सहज काढता येईल अशी घ्या. तीच नीट राखली जाते.

शेगडी बदलताना तिला गॅस आणणाऱ्या रबरी नळीकडेही बघा. सिलिंडरची नारिंगी सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदलायची, तारीख नळीवर छापलेली असते. जोड लावल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, काडी पेटवून कधीच नाही. पाइपचा गॅस असेल तर सगळे नॉब बंद करून मीटरचे शेवटचे आकडे टिपा आणि अर्ध्या तासाने परत वाचा. सरकले असतील तर गळती आहे. वास आलाच तर बटणं चालू-बंद न करता खिडक्या उघडा, कॉक किंवा रेग्युलेटर बंद करा. सिलिंडरसाठी 1906 हा आपत्कालीन क्रमांक आहे, पाइपवाल्यांचा क्रमांक बिलावर छापलेला असतो.

दुरुस्तीवाल्याला फोन करताना "गॅस पिवळा जळतो" एवढंच सांगितलंत तर तो पिन घेऊन येईल. गॅस पाइपचा की सिलिंडरचा, एकच बर्नर की सगळे, ड्रॉवर उघडल्यावर फरक पडतो का, घर किंवा गॅस नुकताच बदललाय का, आणि याआधी जेटला पिन किंवा ड्रिल लागलंय का, हे सांगा. मग तो येतानाच बरोबर मापाचे नवे जेट पिशवीत टाकून आणेल.